आधी श्वास की आधी नाडी?



भाषणाला आरंभ करण्यापूर्वी आपणांस एक लहानसे काम सांगतो. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, वैद्य ठेवतात तशी उजव्या हाताची तीन बोटे ठेवा आणि नाडी लागेपर्यंत थोडे थांबा. नाडी लागली म्हणजे ठोके मोजता मोजता आपल्या श्वासाकडेही लक्ष द्या. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचा एक श्वास आत येऊन बाहेर जाईपर्यंत नाडीचे सुमारे चार ठोके पडतात. मिनिटाला श्वास साधारण सोळा आणि ठोके सत्तरच्या आसपास. आता श्वास रोखून धरा. तो अर्धा मिनिट, फार तर मिनिटभर रोखता येईल. मग तसाच हुकूम नाडीला करून पाहा. ती आपले मुळीच ऐकणार नाही!

शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जे शिकावे लागते, त्यातला मोठा भाग या दोन मिनिटांत येऊन गेला. श्वास आणि नाडी या जन्मभर जोडीने चालणाऱ्या गोष्टी असल्या तरी त्यांचे धनी वेगवेगळे आहेत. फुप्फुसांना स्वतः हलण्याची शक्ती नाही. फासळ्यांमधले स्नायू आणि छाती व पोट यांच्यामध्ये घुमटासारखे पसरलेले श्वासपटल यांच्या हालचालीने छातीची पोकळी मोठी होते आणि हवा आत ओढली जाते. या स्नायूंना हुकूम येतो तो मेंदूच्या तळाकडून, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जेथे सुरू होतो त्या लंबमज्जा नावाच्या बोटभर भागाकडून. तो हुकूम थांबला की श्वास थांबला.

हृदयाची गोष्ट निराळी. आमच्या विद्यार्थिदशेत बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्याच्या बशीत ठेवीत. ते तेथे एकटेच, कोणाच्याही आज्ञेवाचून, बराच वेळ उडत राही. प्रथम पाहताना अंगावर काटा आला होता हे कबूल केले पाहिजे. हृदयाचा ठेका हृदयातच उत्पन्न होतो. मेंदूकडून येणारे तंतू त्याला केवळ लगाम किंवा चाबूक लावतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू लगाम ओढतो, तर दुसऱ्या प्रकारचे तंतू चाबूक मारतात. हा ठेका उजव्या अलिंदाच्या भिंतीतल्या नेमक्या कोणत्या ठिकाणी जन्मतो, हे आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी 1907 साली दाखविले. ते साल ध्यानात असू द्यावे, कारण आजची हकीकत त्याच्या आधीची आहे.

आता प्रश्न असा की, मरताना या दोहोंपैकी आधी काय थांबते? आपल्या भाषेने दोन्ही बाजू राखून ठेवल्या आहेत. वैद्य म्हणतो, नाडी सुटली. घरची वडीलधारी माणसे नाकापुढे सूत धरून पाहतात. एकाची भिस्त हृदयावर, दुसऱ्याची श्वासावर. हा वाद पंडितांच्या बैठकीपुरता राहिला असता, तर त्याविषयी बोलण्याचे कारण नव्हते. पण एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर हजारो माणसांचे प्राण टांगले गेले, आणि त्याचा निकाल लावण्याचा एक मोठा खटाटोप युरोपातल्या कोणत्याही राजधानीत न होता आपल्या हैदराबादेत झाला.

मूळ कारण क्लोरोफॉर्म. एडिंबरोचे प्रसूतिवैद्य जेम्स सिंप्सन यांनी 4 नोव्हेंबर 1847 च्या रात्री आपल्या दोघा साहाय्यकांसह जेवणाच्या टेबलाशी बसून हे गोडसर वासाचे द्रव हुंगून पाहिले, आणि थोड्याच वेळात तिघेही जमिनीवर आडवे झाले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया झालीच होती. पण ईथरने घसा खवखवे, रोगी खोकू लागे. क्लोरोफॉर्मचे तसे नव्हते. रुमालावर थोडे ओतावे, नाकाशी धरावे, की रोगी निजला! काही आठवड्यांत त्याची कीर्ती सर्वत्र झाली.

आणि अवघ्या तीन महिन्यांच्या आत पहिला मृत्यू घडला. 28 जानेवारी 1848 रोजी न्यूकॅसलजवळ पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या पायाच्या अंगठ्याचे नख काढावयाचे होते. काही काळापूर्वी ईथर देऊन तिचे असेच एक नख काढले होते, त्यामुळे या वेळी ती आधीच घाबरलेली होती. क्लोरोफॉर्म सुरू करून काही क्षण होतात न होतात तोच तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि ती गेली. सिंप्सन म्हणाले की, तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात पाणी व ब्रँडी ओतली, ती श्वासनलिकेत जाऊन ती गुदमरली. लंडनचे डॉ. जॉन स्नो म्हणाले, तसे नव्हे, वाफ एकदम दाट दिली गेल्याने तिचे हृदय लुळे पडले. पटकीचा प्रसार पाण्यातून होतो हे ज्यांनी पुढे लंडनमध्ये दाखविले, आणि 1853 साली राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी ज्यांनी क्लोरोफॉर्म दिला, तेच हे स्नो.

येथून दोन पंथ पडले. एडिंबरोच्या शल्यवैद्यांचे, विशेषतः जेम्स साइम यांचे, सांगणे असे की, भूल देणाऱ्याने श्वासावर नजर ठेवावी. श्वास नीट चालला असेल तर रोगी सुखरूप. लंडनकडचे लोक म्हणत, बोट नाडीवर हवे. हृदय दगा देते आणि ते अचानक देते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मृत्यू घडतच राहिले. त्यांतले पुष्कळसे अगदी किरकोळ शस्त्रक्रियांच्या वेळी, दात काढताना किंवा गळू फोडताना, आणि कित्येकदा तर शस्त्र लावण्यापूर्वीच घडले. ही गोष्ट त्या काळीही नोंदली गेली होती, पण तिचा अर्थ कोणाला लागत नव्हता. ग्लासगोच्या एका समितीने 1880 साली प्राण्यांवर प्रयोग करून हृदयाकडे बोट दाखविले. एडिंबरोवाल्यांना ते मानवले नाही.

साइम यांचे एक शिष्य एडवर्ड लॉरी 1885 साली हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. तेथल्या मेडिकल स्कूलचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. मुसी नदीकाठच्या अफझलगंज रुग्णालयात ते रोज शस्त्रक्रिया करीत आणि विद्यार्थ्यांकडून क्लोरोफॉर्म देववीत. माणूस कर्तबगार, पण गुरुवाक्यावर श्रद्धा अशी की ती ढळणे नाही. विद्यार्थ्यांना त्यांचे एकच सांगणे असे की, श्वासाकडे पाहा, नाडीचा विचार मनातही आणू नका. या विद्यार्थ्यांत रूपाबाई फर्दुनजी नावाची एक पारशी मुलगी होती. क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात तिने नाव मिळविले, पुढे ती एडिंबरोस जाऊन शिकली, आणि जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज तिची गणना होते. एका संस्थानी रुग्णालयातून हे घडावे, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. पण आपल्याकडे ती फारशी कोणी सांगत नाही.

लॉरींना केवळ श्रद्धेवर समाधान नव्हते. 1888 साली त्यांनी निजाम सरकारच्या आश्रयाने एक कमिशन नेमविले. गावातली बेवारशी कुत्री धरून त्यांना मरेपर्यंत क्लोरोफॉर्म देण्यात आला, आणि प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला, हृदय मागून थांबले असे आढळले. लॉरींनी हा निष्कर्ष जाहीर केला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या सुप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाने मात्र नाक मुरडले. युरोपातल्या नामांकित प्रयोगशाळांचा अनुभव याच्या उलट आहे, तो एवढ्याने कसा सोडून द्यावा, असा त्याचा सूर होता.

यावर निजाम मीर महबूब अली खान यांनी जे उत्तर दिले, ते दरबारी थाटाचे होते. ते तेव्हा सुमारे तेवीस वर्षांचे होते. ‘लॅन्सेट’ने आपल्या विश्वासातला कोणीही शास्त्रज्ञ हैदराबादेस पाठवावा आणि प्रयोग त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा व्हावेत, त्या खर्चासाठी एक हजार पौंड देण्यात येतील! ‘लॅन्सेट’ने निवडले ते टॉमस लॉडर ब्रंटन यांना. हृदयशूळावर अमिल नायट्राइटचा उपयोग 1867 साली प्रथम दाखविणारे, औषधींच्या शरीरावरील क्रियेचे त्या काळचे मोठे अधिकारी. आणि मुख्य म्हणजे, क्लोरोफॉर्म हृदयावर घाला घालतो, या मताचे. प्रतिपक्षाचाच वकील बोलावून आणावा, तसे हे झाले.

1889 च्या अखेरच्या महिन्यांत काम चालले. कमिशनवर ब्रंटन व लॉरी यांच्याबरोबर डॉ. बॉमफर्ड आणि डॉ. रुस्तमजी हकीम होते. या वेळी नुसते डोळ्यांनी पाहण्यावर भागविले नाही. प्राण्याच्या मानेतल्या धमनीला नळी जोडून रक्तदाब मोजला जाई, आणि त्याची रेषा फिरत्या कागदावर आपोआप उमटत जाई. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रेषा उसळी घेई. हृदय दुर्बल झाले की ती खाली घसरे, आणि थांबले की सपाट होई. कुत्री, माकडे, बकऱ्या, मांजरे, ससे, घोडेसुद्धा या कामी आले. क्लोरोफॉर्म हळूहळू दिला, एकदम दिला, प्राणी भरपेट असताना दिला, उपाशी असताना दिला. ज्या शस्त्रक्रियांत माणसे मरत, म्हणजे दात उपटणे, नख काढणे, त्याही प्राण्यांवर करून पाहिल्या. ब्रंटन यांचे मत पालटले. त्यांनी ‘लॅन्सेट’ला तार केली, तीत प्राण्यांचा आकडा चारशे नव्वद होता, आणि मथितार्थ असा की, धोका आहे तो गुदमरण्याचा किंवा मात्रा अधिक होण्याचा, हृदयाला प्रत्यक्ष धोका मुळीच नाही.

चारशे नव्वद जीव! आज अशा प्रयोगांना परवानगी मिळणार नाही, आणि मिळू नये असेच मला वाटते. पण ज्यांनी ते केले त्यांच्या डोळ्यांपुढे टेबलावर मरणारी माणसे होती, हेही विसरता येत नाही.

कमिशनने भूल देणाऱ्यांसाठी नियम केले. रोग्याला उताणे निजवावे. छातीवर व पोटावर घट्ट कपडा असू नये. श्वासाचा आवाज सतत ऐकावा. घोरणे वाढले किंवा श्वास अडला तर हनुवटी पुढे ओढावी, जीभ बाहेर धरावी. थांबलाच तर क्षणाचाही विलंब न लावता कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा. या नियमांत जवळजवळ काहीही चुकीचे नव्हते. बेशुद्ध माणसाची जीभ सैल पडून घशात मागे जाते आणि वाट बंद करते, हे शरीररचनेचे साधे सत्य आहे. आजही अपघातात सापडलेल्या माणसासाठी प्रथमोपचाराचे जे शिक्षण देतात, त्यात हनुवटी उचलणे येतेच. हिंदुस्थानातल्या किती लहान लहान दवाखान्यांत या नियमांनी रोगी वाचले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पण कमिशन तेथे थांबले नाही. भूल देणाऱ्याने सर्वस्वी श्वासावरच विसंबावे, असे त्याने सांगितले. म्हणजे मनगटावरचे बोट काढून घेतले! प्रयोगांत रक्तदाबाची रेषा मधूनमधून घसरताना दिसली होती. तिचा अर्थ कमिशनने असा लावला की, ती हृदयाची दुर्बलता नव्हे, तर व्हेगस लगाम ओढत आहे. रक्त सावकाश फिरले की विषही मेंदूकडे सावकाश जाते, तेव्हा हे संरक्षणच म्हणावयाचे. युक्तिवाद सुबक होता. केंब्रिजचे गॅस्केल व शोर यांनी 1893 साली त्याला तडा दिला. एका प्राण्याच्या मेंदूला दुसऱ्या प्राण्याचे रक्त मिळेल अशी योजना करून त्यांनी मेंदूवरचा आणि हृदयावरचा परिणाम वेगवेगळा पाहिला, आणि क्लोरोफॉर्म हृदयाचा स्नायू प्रत्यक्ष दुर्बल करतो असे दाखविले. लॉरींनी ते कधीच मान्य केले नाही. शतक संपेपर्यंत दोन्ही पक्ष पत्रांतून एकमेकांवर तुटून पडत होते.

मग चूक कोठे झाली? मोजण्यात नव्हे. कमिशनने जे मोजले ते बरोबर होते. क्लोरोफॉर्मची मात्रा वाढवीत गेले की लंबमज्जेतले श्वासाचे केंद्र आधी झोपी जाते, श्वास थांबतो, आणि प्राणवायूवाचून हृदय मागाहून बंद पडते. शेकडो प्राण्यांत हाच क्रम दिसला, आणि दिसणारच होता, कारण त्यांना मरेपर्यंत वाफ दिली जात होती. पण न्यूकॅसलजवळची ती मुलगी अशा रीतीने मेली नव्हती. तिला क्लोरोफॉर्म फार मिळालाच नव्हता. ती गेली आरंभीच, अर्धवट शुद्धीत, भीतीने छाती धडधडत असताना. ज्या मृत्यूचे कारण शोधण्यासाठी एवढा खटाटोप मांडला, तो मृत्यू टेबलावर आलाच नाही, आणि जो आला तो दुसराच होता.

आश्चर्य असे की, कोड्याची अर्धी उकल त्याच 1889 साली प्रसिद्ध झाली होती. स्कॉटलंडातल्या अ‍ॅबरडीन येथील जॉन मॅकविल्यम यांनी लिहिले की, माणसाला अकस्मात मृत्यू येतो तेव्हा हृदय शांतपणे थांबतेच असे नाही. कित्येकदा ते थरथरू लागते. ही थरथर म्हणजे काय, ते पाहू. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. त्यांच्या जाड भिंतीतले असंख्य तंतू एकाच इशाऱ्यावर आकसतात, म्हणून रक्त जोराने बाहेर फेकले जाते. नावेतल्या सगळ्या वल्हेकऱ्यांनी एकदम वल्ही मारावीत तसे. थरथर सुरू झाली म्हणजे प्रत्येक वल्हेकरी आपल्या लहरीने वल्हे मारू लागतो. दमणूक तेवढीच, पण नाव जागची हलत नाही. रक्ताचा थेंबही पुढे सरकत नाही. नाडी तत्क्षणी नाहीशी होते, आणि श्वास मात्र काही वेळ चालू राहतो. म्हणजे हैदराबादेत शेकडो वेळा पाहिलेला क्रम येथे नेमका उलटा होतो! मॅकविल्यम यांच्या लेखाकडे त्या वेळी फार थोड्यांचे लक्ष गेले.

उरलेली अर्धी उकल होण्यास आणखी वीस वर्षे जावी लागली. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्या अर्काने रक्तदाब एकदम वाढतो हे 1894 साली कळले, आणि 1901 साली त्यातले अ‍ॅड्रेनॅलिन शुद्ध स्वरूपात हाती आले. माणूस भ्याला की या ग्रंथी ते रक्तात सोडतात. छाती धडधडते ती त्यामुळे. 1911 साली गुडमन लेव्ही यांनी लंडनमध्ये मांजरांवर प्रयोग केले. खोल भूल दिलेली मांजरे सुरक्षित राहिली. पण हलकी भूल देऊन थोडे अ‍ॅड्रेनॅलिन टोचले की काही मांजरांचे हृदय थरथरू लागे, आणि ती मरत. क्लोरोफॉर्म हृदयाची भिंत चिडखोर करून ठेवतो, आणि भीतीचे रसायन तिला शेवटचा धक्का देते. थोडा क्लोरोफॉर्म म्हणजे सुरक्षित क्लोरोफॉर्म, ही सर्वांचीच समजूत होती. एडिंबरोची होती तशी लंडनचीही होती. ती उलटी निघाली. घाबरलेल्या, हातपाय झाडणाऱ्या रोग्याला हलकी भूल देणे आणि ती मधूनमधून तोडणे, हेच सर्वांत घातक होते.

म्हणजे सिंप्सन बरोबर की स्नो बरोबर? मला वाटते, दोघांनीही एकेका मृत्यूचे खरे वर्णन केले होते, आणि दोघेही ते सर्व मृत्यूंना लावू पाहत होते. स्नो यांच्या बाजूने एवढे अधिक म्हणता येईल की, मोजून वाफ देण्याचे यंत्र त्यांनी केले होते आणि बोट नाडीवरून हलविले नव्हते. लॉरींचा दोष मला प्रयोगापेक्षा त्यांच्या निःशंकपणात अधिक दिसतो. ज्या विद्यार्थ्यांना त्यांनी श्वास ऐकायला शिकविले त्यांनाच नाडी सोडायला शिकविले, आणि एक हजार पौंडांनी मिळविलेली ब्रंटन यांची साक्ष त्या शिकवणीला मुद्रा होऊन बसली.

क्लोरोफॉर्म पुढेही अर्धे शतक चालला. आपल्या जिल्ह्याच्या गावी आजोबांच्या पिढीने तोच हुंगला असेल. 1956 साली हॅलोथेन वापरात आले, आणि क्लोरोफॉर्मची बाटली मागे पडली. हॅलोथेनलाही अ‍ॅड्रेनॅलिनचे वावडे निघाले, पण तोपर्यंत डॉक्टर त्या गोष्टीला सावध झाले होते. अफझलगंजचे जुने रुग्णालय 1908 च्या मुसीच्या महापुरात गेले. मेडिकल स्कूलचे पुढे उस्मानिया मेडिकल कॉलेज झाले, आणि ते आजही डॉक्टर घडवीत आहे. आजच्या शस्त्रक्रियागृहात रोग्याच्या उशाशी जो पडदा असतो, त्यावर हृदयाची रेषा आणि श्वासाची रेषा एकीखाली एक धावत असतात. भूलतज्ज्ञ दोन्हींकडे पाहतो, आणि सवयीने मनगटालाही हात लावतो.

आणि अंगठ्याचे नख काढावयाचे झाले, तर अंगठ्याच्या मुळाशी बारीक सुई टोचून तेवढाच भाग बधिर करतात. रोगी जागा असतो. बहुधा तो डॉक्टरांना विचारीत असतो की, पायात चप्पल कधीपासून घालता येईल.